केफेब म्हणजे काय? रेसलिंगमधलं 'खरं वाटणं' कसं जपतात, याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी रेसलिंग बघतो हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला, "अरे पण ते खोटं असतं ना?" नातेवाईक विचारतात, ऑफिसात विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी माणूससुद्धा विचारतो. तीस वर्षं बघतोय आणि जवळपास तेवढीच वर्षं उत्तरं देतोय, तर म्हटलं एकदा बसून सगळं लिहून काढावं. ह्या कलेवर माझं मनापासून प्रेम आहे, त्यामुळे उत्तरं कुठे कुठे लांबलीयत.

सरळ सांगा, खरं असतं की खोटं?

कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असतं. शेवट कसा होणार तेही ठरलेलं, मधली मोठी वळणं ठरलेली, आणि बाकीचं बरंचसं दोघं तिथल्या तिथे जुळवतात. पण निकाल ठरलाय म्हणून लागायचं थांबत नाही. रिंग म्हणजे काही गादी नव्हे, खाली लोखंडी बीम, त्यावर लाकडी फळ्या, वर पातळसा फोम आणि त्यावर ताणलेलं कॅनव्हास. पडायला शिकण्यातच सुरुवातीचे कितीतरी दिवस जातात: हनुवटी छातीला चिकटवायची, पूर्ण पाठ एकदम टेकवायची, हात फाकवून आपटायचे, म्हणजे मार एका जागी न बसता अंगभर पसरतो. पसरतो, नाहीसा होत नाही. ह्याला बंप म्हणतात.

२८ जून १९९८ ला पिट्सबर्गमध्ये अंडरटेकरने मिक फोलीला, म्हणजे तेव्हा मॅनकाइंड ह्या नावाने लढणाऱ्या रेसलरला, सोळा फूट उंच पिंजऱ्याच्या छतावरून खाली कॉमेंट्रीवाल्यांच्या टेबलावर टाकलं. ते ठरलेलं होतं. नंतर तो परत वर चढला, अंडरटेकरने त्याला छतावर आपटलं आणि छताची जाळीच सुटली, तो थेट खाली रिंगमध्ये पडला. ते ठरलेलं नव्हतं. त्याचा दात तुटून नाकपुडीपाशी अडकला होता आणि तो माणूस तशाच अवस्थेत मॅच पूर्ण करत होता. आता ह्याला नुसतं 'खोटं' म्हणून मोकळं व्हायचं असेल तर माझा नाइलाज आहे.

केफेब हा शब्द कुठला?

अमेरिकेतल्या जत्रांमधला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे गावोगाव फिरणाऱ्या जत्रा असायच्या, त्यात एक तंबू पैलवानांचा. "आमच्या पैलवानासमोर इतकी मिनिटं टिका आणि पैसे घेऊन जा" असा पुकारा व्हायचा, आणि गर्दीत आपलाच एक माणूस गावकरी बनून उभा असायचा, तो पुढे येऊन भाव तापवायचा. जत्रेतल्या लोकांची आपसातली एक बोली होती, हा शब्द त्यातला. अर्थ साधा, आतली गोष्ट बाहेर जाऊ द्यायची नाही. ड्रेसिंग रूममध्ये कुणी परका शिरला की एकजण "केफेब!" म्हणायचा आणि गप्पा तिथेच बंद.

निकाल ठरवायची गरज का पडली तेही सांगतो. ४ जुलै १९१६ ला ओमाहामध्ये जो स्टेकर आणि एड 'स्ट्रँग्लर' लुईस लढले, जवळपास पाच तास, आणि शेवटी बरोबरीत सुटली. पाच तास दोन माणसं एकमेकांना धरून उभी, कल्पना करा. लोक कंटाळणार नाहीत तर काय. मग १९२० च्या दशकात हाच लुईस, त्याचा मॅनेजर बिली सँडो आणि टूट्स माँड ह्या तिघांनी वेळेची मर्यादा आणली, चटपटीत डाव आणले, ठरलेले शेवट आणले, आणि तेच तेच पैलवान घेऊन शहराशहरांत दौरे काढले. आज जे दिसतं त्याचा पाया तो.

म्हणजे आपल्याकडे ज्याला नुरा कुस्ती म्हणतात तेच ना हे?

नाही, आणि हा घोटाळा खूप जण करतात. आमचं घर कोल्हापूरकडचं, आजोबा खासबागेच्या मैदानात कुस्त्या बघत मोठे झालेले, त्यांच्यापुढे नुरा म्हणणं म्हणजे शिवी होती. नुरा म्हणजे खऱ्या कुस्तीच्या नावाखाली केलेली मिलीभगत, त्यात प्रेक्षकाची फसवणूक आहे. रेसलिंगमध्ये निकाल ठरणं ही लबाडी नाही, ती गोष्ट लिहायची पद्धत आहे. आखाड्यात प्रश्न असतो की कोण भारी, रेसलिंगमध्ये प्रश्न असतो की ह्याच्यावर अन्याय झालाय आणि तो फेडणार कसा. आजोबा माझ्याबरोबर टीव्हीवर कधी बसले तर पहिल्यांदा डाव बघायचे, "पट काढलाय नीट", असं काहीतरी म्हणायचे, आणि दहा मिनिटांनी बघावं तर कुणावर तरी चिडून बसलेले असायचे. दारा सिंग आणि किंग काँगच्या फ्री स्टाइल कुस्त्यांना आपल्याकडे स्टेडियम भरायची ती ह्याच चिडण्यावर आणि ह्याच जीव अडकण्यावर.

पूर्वी लोकांना खरंच सगळं खरं वाटायचं का?

बऱ्याच जणांना वाटायचं, आणि ते टिकवायला रेसलर्स काय काय करायचे हे ऐकलं की थक्क व्हायला होतं. चांगला आणि वाईट, म्हणजे फेस आणि हील, एका गाडीतून प्रवास करायचे नाहीत, एका हॉटेलात जेवायचे नाहीत. हीलने गावात कुणाशी गोड बोलायचं नाही. लोक इतके भडकायचे की ओल अँडरसनसारख्या हीलवर प्रेक्षकाने चाकू चालवला होता. डिसेंबर १९८४ मध्ये एका टीव्ही पत्रकाराने डेव्हिड शुल्ट्झला तोंडावर विचारलं की हे खोटं आहे असं मला वाटतं, तर त्याने त्या पत्रकाराच्या दोन्ही कानांवर सणसणीत ठेवून दिल्या. ते चूकच होतं, पण ह्या विश्वासाला ही माणसं किती चिकटून होती ते त्यावरून कळतं.

मला सगळ्यात जास्त हलवून गेलेली गोष्ट मात्र विमानाची आहे. ४ ऑक्टोबर १९७५, नॉर्थ कॅरोलिनातलं विल्मिंग्टन, एक छोटं विमान कोसळलं. आत रेसलर्स होते. जॉनी व्हॅलेंटाइनची पाठ मोडली, तो पुन्हा कधीच लढला नाही, तरुण रिक फ्लेअरचीही पाठ मोडली, पायलट पुढे दगावला. आणि आत अजून एकजण होता, टिम वुड्स, पांढरा मास्क घालणारा 'मिस्टर रेसलिंग', लोकांचा लाडका फेस. आता गंमत बघा, फ्लेअर आणि व्हॅलेंटाइन हे हील, आणि हा त्यांच्याबरोबर एकाच विमानात! बातमी फुटली असती तर सगळ्या भागातला धंदा बसला असता. तर हा माणूस अपघातातून बाहेर काढलेला, अंग ठेचलेलं, आणि हॉस्पिटलमध्ये तो स्वतःचं खरं नाव सांगतो जे प्रेक्षकांना माहीत नव्हतं, आणि मी प्रमोटर, म्हणजे शो भरवणारा आहे म्हणून सांगतो. तेवढ्यावरही कुजबुज थांबेना म्हणून दोन आठवड्यांत तो रिंगमध्ये परत उभा राहिला, लोकांना दिसावं की मिस्टर रेसलिंगला काहीच झालेलं नाही. कुणी सांगितलं असतं का त्याला? धड उभं राहता येत नसणार. पण बरोबरच्या सगळ्यांची चूल ह्या विश्वासावर पेटते हे त्याला माहीत होतं.

मग हे उघडं पडलं कधी?

एका दिवसात नाही. मे १९८७ मध्ये न्यू जर्सीच्या हायवेवर पोलिसांनी एक गाडी अडवली, आत अमली पदार्थ सापडले, आणि गाडीत कोण तर आयर्न शेख आणि हॅकसॉ जिम डगन. एक इराणचा खलनायक, दुसरा अमेरिकेचा झेंडा घेऊन येणारा देशभक्त, टीव्हीवर एकमेकांच्या जिवावर उठलेले आणि इथे शेजारी शेजारी बसलेले. दोघांची नोकरी गेली. मग फेब्रुवारी १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीनेच, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफने (आताची डब्ल्यूडब्ल्यूई), न्यू जर्सीच्या सिनेटपुढे मान्य केलं की हा खेळ नसून करमणूक आहे. कारण अगदी व्यवहारी होतं: खेळ म्हटलं की सरकारी क्रीडा आयोगाची देखरेख आली आणि टॅक्स आला, करमणूक म्हटलं की दोन्ही टळतात.

आणि १९ मे १९९६, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. केव्हिन नॅश आणि स्कॉट हॉल कंपनी सोडून चाललेले, तो त्यांचा शेवटचा शो. मॅच संपल्यावर शॉन मायकल्स, नॅश, हॉल आणि ट्रिपल एच, म्हणजे दोन फेस आणि दोन हील, सगळ्यांसमोर मधोमध गळ्यात गळे घालून उभे राहिले. एका प्रेक्षकाने ते कॅमेऱ्यात पकडलं. दोघे गेलेच होते, मायकल्स चॅम्पियन होता, तर शिक्षा एकट्या ट्रिपल एचला झाली, त्याला मिळणारी किंग ऑफ द रिंग स्पर्धा स्टीव्ह ऑस्टिनला दिली आणि त्या स्पर्धेच्या रात्री 'ऑस्टिन ३:१६' ही त्याची गाजलेली घोषणा जन्माला आली. चार मित्रांच्या एका मिठीने पुढची पाच वर्षं बदलली, असं म्हटलं तरी चालेल.

आता तर सगळ्यांनाच माहिती आहे, मग जपायचं काय उरलं?

हा खरा प्रश्न! माझं म्हणणं असं की केफेब मेलं नाही, त्याची जागा बदलली. पूर्वी ते प्रेक्षकापासून लपवायचं होतं, आता ते प्रेक्षकाबरोबर मिळून सांभाळायचं आहे. मला माहितीये की हे लिहिलेलं आहे, तुलाही माहितीये की मला माहितीये, तरी तू तुझ्या गोष्टीशी इमान राखलंस तर मी माझं ओरडणं मनापासून देईन. एवढाच करार आहे आणि तो रोज मोडतो किंवा टिकतो तो अगदी बारीक गोष्टींवर. पाचव्या मिनिटाला गुडघा धरून कळवळलेला माणूस पंधराव्या मिनिटाला त्याच पायावर टणाटण उड्या मारत असेल तर करार मोडला. गेल्या आठवड्यात ज्याने तुझ्या बायकोचा अपमान केला त्याच्याशी आज हसत हात मिळवत असशील तर करार मोडला. खुर्चीचा फटका खाऊन लगेच उठलास तर पुढच्या दहा जणांच्या खुर्च्यांना किंमत उरली नाही. निकाल ठरलेला आहे म्हणून माणसं दूर जात नाहीत, आपल्या लक्षात राहिलेलं त्यांनाच लक्षात नाही म्हणून जातात.

आणि करार पाळला की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे ५ जून २०२२, हेल इन अ सेल, म्हणजे पिंजऱ्यातली मॅच, कोडी रोड्स विरुद्ध सेथ रॉलिन्स. कोडीचा छातीचा स्नायू फाटला होता, हे शोच्या आधीच जाहीर झालेलं. तो आला, अंगावर जॅकेट, लोक गाणं म्हणतायत. मग त्याने जॅकेट काढलं आणि उजवी छाती, काख, दंड, सगळं काळंनिळं जांभळं पडलेलं, मेकअप नव्हे, आत रक्त साकळलेलं. हजारो लोकांचं गाणं एकदम घशात अडकलं, घरी मीसुद्धा हातातला चहा खाली ठेवला. पुढची वीसेक मिनिटं सेथ नेमका त्याच जागी हात घालत होता, केंडो स्टिकचं, म्हणजे बांबूच्या काठीचं टोक तिथेच दाबत होता, आणि मला पक्कं ठाऊक होतं की हे दोघे एकमेकांना जपतायत, तरी मी सेथला शिव्या देत होतो. दुखापत खरी, वैर लिहिलेलं, आणि जोड कुठे आहे ते दिसत नाही. मला तरी ह्यापेक्षा मोठी कारागिरी माहीत नाही.

रिंगमध्ये ते आपसात बोलतात का?

हो, भरपूर. हेडलॉक लावून निवांत बसलेले दिसले की समजा पुढचं ठरतंय. रेफरीच्या कानात यंत्र असतं, किती वेळ उरला ते तो दोघांना सांगतो. रेफरीने दोन्ही हात डोक्यावर उचलून फुलीसारखे धरले तर काहीतरी खरंच बिघडलंय असा इशारा असतो, जरी हल्ली तोही इशारा कधी कधी गोष्टीतच वापरतात, आणि ते मला अजिबात पटत नाही. तो इशारा माणसाच्या जिवासाठी आहे, तो खरा राहायला हवा.

रक्त खरं असतं का?

असतं. मनगटाच्या पट्टीत ब्लेडचा छोटा तुकडा लपवून कपाळावर चीर द्यायची, घामाने ते पसरतं आणि भयानक दिसतं. डब्ल्यूडब्ल्यूईने २००८ च्या सुमारास हे बंद केलं, इतर ठिकाणी चालतं.

अंडरटेकर सात वेळा मेला होता ना?

नाही हो! पण हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे. नव्वदीच्या दशकात आमच्या वाड्यात एक पोरगं दुसऱ्याला हेच सांगायचं, त्यात केन त्याचा सख्खा भाऊ आणि लहानपणी आगीत भाजलेला, हे तर शाळेच्या पुस्तकात असल्यासारखं पाठ. ट्रम्प कार्ड्स होती, रँक, हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स, त्यातले आकडे म्हणजे ब्रह्मवाक्य. कार्डावर लिहिलंय म्हटल्यावर वाद संपला. १९९६ च्या अक्षय कुमारच्या पिक्चरमध्ये अंडरटेकर दिसला तेव्हा आम्ही थेटरात किंचाळलो होतो, तो खरा नव्हताच, ब्रायन ली नावाचा रेसलर होता, हे कितीतरी वर्षांनी कळलं. आणि योगायोग म्हणजे १९९४ मध्ये कंपनीने 'नकली अंडरटेकर'ची जी गोष्ट केली होती त्यातला नकलीसुद्धा हाच.

पण आम्ही पोरं भाबडी होतो म्हणून हे टिकलं असं नाही. मार्क कॅलवे नावाच्या माणसाने ते टिकवलं. नोव्हेंबर १९९० ला तो पहिल्यांदा आला आणि नोव्हेंबर २०२० ला निरोप घेतला, आणि ह्यातला फार मोठा काळ तो बाहेरही काळ्या कपड्यांत, गंभीर, मुलाखती नाहीत, हसणं नाही. मेलेला माणूस एअरपोर्टवर गप्पा मारत बसला तर कसं व्हायचं, म्हणून बसला नाही. बाकी केन, म्हणजे ग्लेन जेकब्स, २०१८ मध्ये टेनेसीतल्या नॉक्स काउंटीचा मेयर झाला. भाऊ वगैरे काही नाहीत.

बाकी देशांत असंच असतं का?

मेक्सिकोचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे मास्क म्हणजे माणसाची अब्रू, मास्क पणाला लावून मॅच होते आणि हरला तर कायमचा उतरतो. एल सँटोने चाळीस वर्षांहून जास्त काळ आपला चंदेरी मास्क चारचौघांत उतरवला नाही. जानेवारी १९८४ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमात त्याने तो थोडासा वर करून चेहरा दाखवला आणि ५ फेब्रुवारीला तो हृदयविकाराने गेला. पुरला तो मास्कसकट.

मॉन्ट्रियलचं प्रकरण खरं की तेही ठरवलेलं?

माझं मत, खरं. ९ नोव्हेंबर १९९७, ब्रेट हार्ट चॅम्पियन, दुसऱ्या कंपनीत चाललेला, आपल्या कॅनडात शॉन मायकल्सकडून हरायची त्याची तयारी नव्हती. त्याला सांगितलं एक आणि केलं दुसरंच. शॉनने त्याचाच शार्पशूटर, म्हणजे पाय अडकवून हार मानायला लावणारा डाव, त्याला लावला, ब्रेटने हार मानली नव्हती तरी रेफरी अर्ल हेबनरने घंटा वाजवायला सांगितली. ब्रेट कॅमेऱ्यासमोर मालकाच्या, म्हणजे विन्स मॅकमॅहनच्या तोंडावर थुंकला. पुढे काय झालं बघा, लोकांचा तो खरा राग गोळा करून कंपनीने विन्सलाच 'मिस्टर मॅकमॅहन' हा खलनायक बनवला. खऱ्या जखमेवर गोष्ट उभी करायची त्यांची हातोटी मान्य करावी लागते, ब्रेटबद्दल वाईट वाटतं ते वाटतंच.

खरं वाटावं म्हणून कुठपर्यंत जायचं?

मरणापर्यंत नाही. ह्यावर मी तडजोड करत नाही. टेक्सासमध्ये व्हॉन एरिक ह्या रेसलर कुटुंबाचं राज्य होतं, एप्रिल १९८७ मध्ये त्यांचा माइक गेला, त्याआधी डेव्हिड गेलेला, लोक खरोखर रडले होते. आणि त्याच वर्षी ख्रिसमसच्या शोमध्ये वडील फ्रिट्झला हार्ट अटॅकसारखं काहीतरी आल्याचा बनाव केला. ज्या लोकांनी तुमच्या मुलांसाठी अश्रू ढाळले त्यांच्यापुढे हे करायचं? पटत नाही, कधीच पटणार नाही.

२३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट छतावरून दोरीने खाली येताना पडला आणि गेला. टीव्हीवर कॉमेंट्री करणाऱ्या जिम रॉसला परत परत सांगावं लागत होतं की हा शोचा भाग नाही, हे खरं आहे. विचार करा, इतक्या वर्षांत 'सगळं खरं आहे' सांगून झालं होतं की जेव्हा खरंच खरं होतं तेव्हा वेगळं सांगायला शब्द उरले नव्हते. २००७ च्या जूनमध्ये विन्सची लिमोझिन स्फोटात उडाल्याचं दाखवलं आणि दोन आठवड्यांत क्रिस बेनवा ह्या रेसलरच्या घरातल्या तीन मृत्यूंची बातमी आली, मग ती स्फोटाची गोष्ट तशीच सोडून विन्सला जिवंत, रिकाम्या स्टेडियममध्ये उभं राहून बोलावं लागलं.

लहान मुलांना खरं सांगून टाकावं का?

निकाल ठरलेला असतो हे विचारतील तेव्हा सांगा, आपणहून सांगायची घाई नको. पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून सांगा, हे घरी करायचं नाही, गादीवरसुद्धा नाही, ज्यांना येतं त्यांची हाडं मोडतात. माझा पुतण्या आठ वर्षांचा आहे, त्याने विचारलं, "काका, त्याला खरंच लागतं का?" मी त्याला कोडीच्या छातीचा फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाला, "मग त्याने सुट्टी का नाही घेतली?" मला उत्तर सुचलं नाही, मी त्याला मॅचच लावून दिली.

पहिल्यांदाच बघायचंय, कुठून सुरू करू?

२३ मार्च १९९७, रेसलमेनिया १३, ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन. सुरुवातीला ब्रेट चांगला आणि ऑस्टिन वाईट असतो, शेवटी बरोब्बर उलटं झालेलं असतं आणि कुणी तसं बोलून दाखवलेलं नसतं. शार्पशूटरमध्ये अडकलेला ऑस्टिन, कपाळावरून रक्त दातांपर्यंत ओघळलेलं, हार मानत नाही, बेशुद्ध पडतो. एकदा नीट बघा, मग दुसऱ्यांदा कॉमेंट्रीचा आवाज बंद करून बघा आणि त्या वेळी रिंगकडे नको, पहिल्या रांगेतल्या माणसांच्या तोंडाकडे बघा.